पुढच्या दाराला वळसा

आमच्या घरात नवं असं काही नव्हतं. मी आणि धाकटा विलास तेवढे नवे होतो, आणि आण्णांचं चाललं असतं तर आम्हांलाही त्यांनी मिरजेच्या जुन्या बाजारातून ठोकून-वाजवून, घासाघीस करून आणलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही. आण्णा म्हणजे आमचे वडील. लष्करात फिटर होते. पेन्शनीत निघाल्यावर ते कवठे महांकाळच्या बाजूच्या आपल्या कोरड्या गावी परत गेले नाहीत. कुपवाडच्या एका वर्कशॉपात कामाला लागले आणि कारखान्यांच्या पलीकडे माळावर त्यांनी थोडी जागा घेतली. निदान जागा तरी नवी होती असं मी लिहिणार होते, पण तिथंही आधी कुणाचा तरी उकिरडा होता.

त्या उकिरड्यावर घर उभं राहिलं ते चार-पाच वर्षं उभंच राहत होतं. रोज संध्याकाळी सायकलच्या कॅरियरला काहीतरी बांधलेलं यायचं आणि आईच्या कपाळाला आठी पडायची. पत्रे कुठल्याशा मोडलेल्या गोदामाचे, त्यांची भोकं डांबरानं बुजवलेली. खिडक्या भंगारात निघालेल्या एस.टी.च्या, काचा सरकवायच्या पट्टीसकट. रस्त्यानं ट्रक गेला की सगळं घर खडखडायचं आणि दुपारच्या उन्हात पत्रे टणाटण वाजायचे. मधल्या भिंती मशिनं येतात त्या खोक्यांच्या फळ्यांच्या. त्या फळ्यांवर छत्री, काचेचा पेला आणि वरच्या दिशेचा बाण छापलेला असायचा, आणि आण्णांनी फळ्या अशा बसवल्या होत्या की माझ्या उशाशी ते बाण सगळे जमिनीकडं रोखलेले होते. जमिनीला फुटक्या फरशीचे तुकडे, एक हिरवा, एक तांबडा, एक कुठल्या तरी दवाखान्यातला पांढरा. चूलसुद्धा डिझेलच्या पिंपाची, आणि तिच्यावर तवा टेकायला एका मोठ्या गिअरचं चाक. त्या चाकाचे दात तव्याखालून दिसायचे. आईच्या ज्वारीच्या भाकरीला मात्र कशाचाच फरक पडला नाही, ती त्या गिअरवरही टम्म फुगायची.

"टाकू नगा, कामाला येतंय," हे आण्णांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणी ते म्हटलं की माझं डोकं उठतं. नट-बोल्टांचे डबे पलंगाखाली, सायकलच्या ट्यूबा खुंटीवर, वाकडे खिळे सरळ करून बाटलीत. दारची कोंबडी टायरातून पाणी प्यायची. आम्ही पोरं शाळेत जायचो तेव्हा आमच्या दप्तराला लष्करी तंबूचं कापड असायचं. ते फाटायचं नाही, त्यामुळं नवं दप्तर मागायला काही कारणच उरायचं नाही. सातवीपासून दहावीपर्यंत मी तेच दप्तर फाडायचा प्रयत्न केला. हल्ली विलासची सून त्या घराचे फोटो काढून मोबाइलवर टाकते आणि शेकडो लोक खाली बदाम पाठवतात. ती म्हणते, "आत्या, ह्याला अपसायकलिंग म्हणतात, पुण्यात लोक मुद्दाम करून घेतात." मी तिला म्हटलं, घेऊ देत बापडे, त्यांना उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली एक दुपार झोपा म्हणावं.

आई इस्लामपूरकडची. तिच्या माहेरी उसाची जमीन, पाटाचं पाणी, शेणानं सारवलेलं का होईना पण नव्या विटांचं घर. ती या भंगारात आली आणि तिनं फारशी कुरकूर केली नाही, हे मला तेव्हाही समजत नव्हतं. मागच्या दोन खोल्या आधी झाल्या, आम्ही त्यांत राहायला आलो. पुढची मोठी खोली आणि तिचं दार शेवटी व्हायचं होतं. त्या खोलीचा पाया घातला त्या दिवशी आई आण्णांसमोर येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं, भाकरी अर्धी टाकून आली होती.

"आवं, एक सांगायचं हाय."

"सांग की."

"सगळं जुनं आणा. मी कवा काय बोलले न्हाई. पुढल्या दाराची चौकट तेवढी नवी आणा."

आण्णा म्हणाले, "चौकटीला काय हुतंय जुनी आसली तर? उलट जुनं लाकूड मुरल्यालं आसतंय."

"कुणाच्या घरची, काय ठावं? त्या चौकटीतनं कुणाचं मढं गेलं आसंल, कुणाची लेक रडत भाईर पडली आसंल. माझ्या लेकरांनी रोज त्यातनं जायाचं-यायाचं. मला न्हाई चालायचं. येवढं एक करा."

आण्णांनी मान डोलावली. "बरं, आणतो नवी," म्हणाले. तोंडानं म्हणाले. मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलंय.

आता आण्णा कंजूष नव्हते, हे मी लिहिलं पाहिजे, नाहीतर विलास हे वाचून मला फोन करेल. पाहुण्याला घरात असेल ते सगळं वाढायचे. त्यांना फक्त वस्तू मरताना बघवायची नाही. सांगलीला वखारीत ते खरोखरच नवी चौकट बघायला निघाले होते. जाताना वाटेत एक जुनं घर पाडायचं काम चाललेलं दिसलं. त्याची सागवानी चौकट रस्त्याकडेला पडली होती आणि एक माणूस तिच्यावर कुऱ्हाड घेऊन उभा होता, जळणासाठी. एवढं आण्णांना पुरलं. ते वखारीत पोचलेच नाहीत. चौकट सुटी करून, पोत्यात गुंडाळून त्यांनी ती टेम्पोनं थेट वर्कशॉपात नेली आणि मला शाळेतून परस्पर तिकडं बोलावून घेतलं. मी चौदा वर्षांची होते.

"सुशे, आईला बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "हिला आपुन नवीच करून टाकू. रंधा मारला की आतलं लाकूड नवंच आसतंय."

माझं काय डोकं फिरलं होतं कोण जाणे. मी नाही म्हणायला हवं होतं. पण आण्णा रंधा मारायला लागले, आणि काळ्या, तेलकट, कुणाच्या तरी पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या त्या लाकडातून मधासारखा पिवळा सागवान वर यायला लागला, तेव्हा मलाही तो बघत राहावासा वाटला. रंध्याचे छिलके पायाशी पडत होते आणि त्यांचा वास फार छान येत होता. तीन दिवस आम्ही शाळा सुटल्यावर तेच करत होतो आणि आईला मी जादा तास असल्याचं सांगत होते. राहिली ती जुन्या खिळ्यांची आणि बिजागऱ्यांची भोकं. ती बुजवायला आण्णांनी मला भुशात सरस कालवायला सांगितला आणि ते लेथवर गेले. सरस थोडा होता, लगदा पातळ झाला. घट्ट करायला काहीतरी हवं होतं. कोपऱ्यात वर्कशॉपच्या सफेदीसाठी भिजवलेल्या चुन्याचा डबा होता. मी त्यातला चांगला दोन मुठी चुना घातला. लगदा झकास घट्ट झाला. बोटानं मी भोकं बुजवली, वर घासकागद मारला, आणि आण्णा परत आले तेव्हा त्यांनाही भोकं सापडेनात. "हुशार हायस," म्हणाले. त्या शाबासकीवर मी दोन दिवस तरंगत होते.

चौकट घरी आली तेव्हा आईनं तिच्यावरून हात फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. वास घेतला. मग आत गेली आणि आण्णांना तिनं चहा करून दिला, नव्या चहापत्तीचा. आमच्याकडं एकदा उकळलेली पत्ती वाळवून पुन्हा वापरायची रीत होती, तेव्हा त्या चहाचा अर्थ घरात सगळ्यांना कळला. तिनं एवढंच सांगितलं की चौकटीला तेल, रंग काही लावू नका, पूजेला हळद उघड्या लाकडाला लागली पाहिजे. आण्णा खूश, मी खूश. उघडं लाकूड तर नव्याहून नवं दिसत होतं.

चौकट बसवायच्या दिवशी आईनं पहाटेपासून पुरण शिजवलं. कटाच्या आमटीचा वास माळभर पसरला होता. वस्तीवरच्या पाच सवाष्णी आल्या, त्यांत आमच्या शेजारच्या गोदाक्का. गोदाक्कांचा आवाज असा की कुपवाडच्या भोंग्याला उत्तर द्यावं. चौकट उभी केली, वर आंब्याची डहाळी बांधली. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, हातात पाण्याचा तांब्या. पूजा झाली की त्या चौकटीतून पहिलं पाऊल तिनं टाकायचं होतं. सांगलीच्या पेठेतली चांगली पिवळीजर्द हळद पाण्यात कालवलेली होती. बायकांनी हात बुडवून चौकटीला हळद माखली, गाणं म्हटलं, आणि गाणं संपायच्या आत चौकटीवर कुंकू उमटायला लागलं.

मी खोटं सांगत नाही. पिवळ्या हळदीतून एकेक लाल ठिपका वर येत होता. उजव्या खांबावर तीन, डाव्यावर सहा, वर आडव्या लाकडावर ओळीनं पाच. मध्ये बिजागरीच्या जागी तर लांबट रक्तासारखे पट्टे. गोदाक्कांनी डोळे मोठे केले आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आगं बया, देवी आली गं दारात. आपसूक कुंकू उमटलं." दुसऱ्या बाईनं पदर पसरून डोकं टेकवलं. तिसरीनं त्या लाल डागाला बोट लावून आपल्या कपाळाला टेकवलं, मग बाकीच्यांनी लावलं. आण्णा हात जोडून उभे होते. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं; त्या बिचाऱ्या फिटर माणसाला वाटलं असेल की आपल्या कामावर देवी खूश झाली. मी मात्र हळूच मागं सरकले, कारण त्या ठिपक्यांखालची भोकं मी एकेक करून बोटानं भरली होती आणि त्यांची जागा मला पाठ होती.

आणि आईला तर ते समजायला एक क्षणही लागला नाही. तिच्या माहेरी बायका घरी कुंकू करायच्या. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आई पाळण्यात असल्यापासून बघत आली होती. तिनं ते ठिपके बघितले. बिजागरीचे पट्टे दुसऱ्याच बाजूला होते, म्हणजे या चौकटीचं दार आधी कुठंतरी उलट्या बाजूला उघडत होतं, हेही तिनं बघितलं. भोवती बायका तिच्या भाग्याचं कौतुक करत होत्या. एक शब्द बोलली असती तर आण्णांची वस्तीभर छी-थू झाली असती.

ती म्हणाली, "आवं, नारळ फोडा."

आण्णांनी नारळ फोडला. मग आईनं हातातला तांब्या माझ्यापुढं धरला. "माझा पाय मुरगाळलाय सकाळपास्नं. सुशे, तू जा पयली." मी गेले. न जाऊन सांगते कुणाला? पाच सवाष्णी बघत होत्या. त्या चौकटीतून पहिलं पाऊल माझं पडलं आणि तांब्यातलं निम्मं पाणी माझ्या पायावर सांडलं. आई घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेली आणि तिनं पानं वाढली. सगळ्यांना आग्रह करून पुरणपोळी घातली, वर तुपाची धार. कुणाला काही कळलं नाही.

बायका गेल्यावर तिनं आण्णांना एकच विचारलं. "कुणाच्या घरची?"

आण्णांनी खरं तेच उत्तर दिलं, पण दुसऱ्याच प्रश्नाचं. "आगं, सागवान हाय. तुझी नातवंडं म्हातारी हुतील तरी हलायची न्हाई."

"मी लाकडाचं इचारलं न्हाई."

"मढी काय, सगळ्याच घरातनं जात्यात की. आपल्यातनं बी जातील." हा माणूस फिटर म्हणून नावाजलेला होता, पण कुठं काय बसवावं हे त्यांना माणसांच्या बाबतीत कधी कळलं नाही.

"लाकडाचं व्हय, मढ्याचं व्हय, ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "तुमी नवी आणतो म्हणाला व्हता." लगदा कुणी कालवला हे आण्णांनी सांगितलं नाही. मीही तोंड शिवून बसले.

त्या दिवसापासून आई पुढच्या दारानं आत आली नाही आणि बाहेर गेली नाही. लोकांना हे पटत नाही. चार दिवस, महिनाभर असेल, म्हणतात. मी सांगते, माझं लग्न झालं, विलासचं झालं, नातवंडं झाली, तरी नाही. पुढच्या दाराशी कुणी आलं की ती मागून निघायची, कोंबड्यांच्या खुराड्यावरून, न्हाणीच्या भिंतीला धरून, घराला वळसा घालून पुढं यायची. वर आणि गोदाक्कांच्या कृपेनं आमची चौकट जागृत ठरली. शुक्रवारी बायका तिच्या पाया पडायला यायच्या आणि आई त्यांना पाणी द्यायला मागून पुढं, पुढून मागं. माझ्या लग्नात वऱ्हाड पुढच्या दारात खोळंबलं होतं आणि वधूमाय खुराड्यापाशी शालू सावरत येत होती. मला तेव्हा दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

आण्णांनी चौकट बदलली नाही. एकदा म्हणाले होते, "आणू का गं नवी?" आई म्हणाली, "आता नगं." झालं. आण्णांना 'नगं' म्हणजे नको एवढंच कळायचं. पण पहिल्याच पावसाळ्यात आईचा पाय त्या वळशावरच्या चिखलात घसरला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सायकलला शहाबादी फरशीचे तुकडे बांधून आले. मागच्या दारापासून पुढच्या अंगणापर्यंत त्यांनी वाट केली. पुढच्या वर्षी तिच्यावर पत्र्याचं छप्पर आलं, जुन्या पाइपांच्या खांबांवर. मग कोपऱ्यावर दिवा, स्कूटरचा. आईचे गुडघे धरायला लागले तेव्हा एस.टी.त उभं राहणाऱ्यांना धरायला असतो तो दांडा भिंतीला बोल्टानं बसवला, तिच्या हाताच्या उंचीला, मोजून. पायरीची उंची दोनदा कमी केली. एका चौकटीच्या जागी या माणसानं पंचवीस वर्षं रस्ता बांधला, आणि सगळा भंगारातून. मी एकदा न राहवून म्हटलं, "आण्णा, एवढ्या खटपटीत दहा चौकटी झाल्या असत्या." ते दांड्याचा बोल्ट आवळत होते. "तिनं नगं म्हटलंय," म्हणाले. आणि आई त्या दांड्याला धरून जायची, त्याच्यावर ओलं फडकं वाळत घालायची, पण तो बरा झालाय असं एका शब्दानं कधी म्हणाली नाही.

मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा आईला म्हटलं, पहिल्या पगारातून मी नवी चौकट बसवते, हा तमाशा मिटवून टाक. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "तू कशाला? त्येंनी आणायची व्हती." मग मला राहवेना. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी सांगून टाकलं, की रंधा मारायला मी होते, चुना मीच कालवला, माझ्यामुळं तुला सगळ्यांच्या पुढं तसं उभं राहावं लागलं. रडायलाच लागले. आईनं वर बघितलंही नाही. "ठावं हाय," म्हणाली. "त्या दिशी तुझ्या नखांत चुना व्हता. तांब्या दिला तवाच बघितला." आणि शेंगांची टरफलं माझ्यापुढं सरकवत म्हणाली, चुलीला घाल, टाकू नगंस.

आण्णा गेले ते चार वर्षांपूर्वी, दुपारचं जेवून, बाजेवर पडल्या पडल्या. मी सांगलीहून पोचले तोवर अंगण भरलं होतं. वर्कशॉपातले जुने कामगार आले होते, माजी सैनिक आले होते. आण्णांना पुढच्या खोलीत ठेवलं होतं आणि आई त्यांच्या डोक्याशी बसली होती. उचलायची वेळ झाली. विलासनं आणि तिघांनी खांदा दिला आणि ते त्या चौकटीतून बाहेर पडले. आई उठली. मला वाटलं, ही आता आपल्या वाटेनं मागून जाणार आणि तोवर आण्णा रस्त्याला लागलेले असणार. मी तिला धरायला पुढं झाले. तिनं माझा हात बाजूला केला, पदर डोक्यावरून घेतला आणि सरळ पुढच्या दाराकडं गेली. चौकटीशी एकदा थांबली. लाल ठिपके केव्हाच तपकिरी झालेत, पण दिसतात. त्यांच्यावर हात टेकवून तिनं उंबरा ओलांडला आणि आण्णांच्या मागोमाग अंगणाच्या टोकापर्यंत गेली. ते रस्त्याच्या वळणाआड होईपर्यंत उभी होती.

माणसं गेली. अंगणात आम्ही बायका उरलो. मला फार रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर एक बरंही वाटत होतं, की संपलं एकदाचं. मी आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला पुढच्या दाराकडं वळवलं. ती हलेना. माझा हात सोडवून ती कोपऱ्याकडं निघाली, पत्र्याच्या छपराखाली, आणि भिंतीवरचा दांडा धरला.

"आगं आई, आत्ता तर त्यातनं आलीस ना?"

"त्येंच्या मागनं भाईर जायाचं व्हतं, म्हणून गेले," ती म्हणाली. "आत येते म्हणून कुठं कबूल केलंतं?"

मी कपाळावर हात मारून घेतला आणि तिच्यामागून, वळसा घालून, मागच्या दारानं आत गेले.